शंभर वॅटचा हट्ट

उतारवयात माणसाने दुसऱ्याच्या खरेदीची जबाबदारी अंगावर घेऊ नये, असे मी दर दिवाळीत ठरवतो आणि दर दिवाळीत मोडतो. गेल्या वर्षी हा निश्चय मोडला तो एका फोनमुळे. दसरा नुकताच झाला होता. पलीकडून अधीर आवाज आला, "आजोबा, दिवाळीला येताना मुंबईहून माझ्यासाठी ॲम्प्लिफायर आणाल? इलेक्ट्रिक गिटारचा. शंभर वॅटचा पाहिजे. पैसे आजी देणार आहे."

हा माझ्या थोरल्या बहिणीचा नातू. ताई लग्न होऊन कळसाडीला गेली तेव्हा ते गाव धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा निराळा झाला आणि ताई घर न बदलता दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेली. माझे आयुष्य टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेले. त्यामुळे ज्या वस्तूला वायर आहे तिच्यातले मला सगळे कळते, असा तिच्या घरात पक्का समज आहे. मिक्सर बिघडला की मला फोन येतो, पंपाचा स्टार्टर जळला तरी येतो. हा समज मी कधी दूर केलेला नाही. म्हातारपणी मान मिळण्याची ठिकाणे अशी कितीशी उरतात?

"शंभर वॅट कशाला रे?" मी विचारले.

"आवाज पोचला पाहिजे ना, आजोबा!"

मी "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. पाचच मिनिटांनी ताईचा फोन. तिने आवाज उतरवून जे सांगितले, त्यावरून या खरेदीचे खरे वजन मला कळले. कपाशीच्या पहिल्या वेचणीतले पंधरा हजार रुपये तिने बाजूला काढून ठेवले होते. तिच्या मुलाचे, म्हणजे माझ्या भाच्याचे म्हणणे असे की, पोराचा वाजवण्याचा नाद आता पुरे झाला. ओळखीचा एकजण सुरतेला कापडाच्या कारखान्यात लावून देतो म्हणतो, तेव्हा दिवाळी झाली की पोराने तिकडची वाट धरावी. बरीच धुसफूस होऊन बापलेकांत शेवटी तह झाला. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. तेव्हा गावच्या पोरांच्या बँडने याला घेतले आणि चार पैसे हाती आले, तर घरी राहायचे, नाहीतर सुरत.

"म्हणून म्हणते," ताई म्हणाली, "चांगला बघून आण. चुकू नको."

मी चुकू शकतो हे ताईला ठाऊक नव्हते. मला मात्र ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात चांगले कळले होते.

झाले असे की मे महिन्यात मी कळसाडीला गेलो, तेव्हा पोराने मोठ्या ऐटीत आपली गिटार दाखवली. सुरतेच्या कोणा वाजवणाऱ्याकडून त्याने ती जुनी विकत घेतली होती. लालभडक, आणि आत पोकळी नावालाही नाही; सपाट फळीला तारा लावाव्यात तशी. ताईने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "अरे, याचं पोट कुठं आहे?" आम्ही सगळे हसलो. आता वाटते, त्या दिवशी मुद्द्याचा प्रश्न तिनेच तेवढा विचारला होता.

पोराने तार छेडली. डास गुणगुणावा इतका आवाज निघाला. मी म्हणालो, "थांब. याला ॲम्प्लिफायर लागतो." आणि देवळातून भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर कर्ण्यासकट मागवून घेतला. ॲम्प्लिफायर म्हणजे ॲम्प्लिफायर, लहान आवाज मोठा करणारी पेटी. ती बुवांचा अभंग मोठा करते तशी गिटारही करील, असा माझा सरळ हिशेब. गिटारची वायर मायक्रोफोनच्या भोकात खोचली, कर्णा ओट्यावर ठेवला आणि पोराला म्हटले, "वाजव!"

पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज झाला. शेजारचे कुत्रे उठून चालते झाले. पोराचा चेहरा पडला. मी ज्ञानी माणसाच्या थाटात म्हणालो, "गिटारच बिघडलेली दिसते." तेवढ्यात तो किंचाळला आणि गिटार त्याच्या हातातून खाली पडली. ताईने नुकताच ओटा सारवला होता. ओल्या जमिनीवर तो अनवाणी उभा होता आणि तारांनी त्याला विजेचा झटका दिला होता. पाहतो तो काय, त्या पेटीच्या प्लगची तिसरी पिन कोणीतरी केव्हाच तोडून टाकलेली! पोर वाचले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. तारांच्या धंद्यात जन्म घालवलेला माणूस, आणि प्लग हातात घेऊन पाहण्याची बुद्धी मला झाली नाही.

मुंबईला परत आल्यावर मी या प्रकरणाचा नेटाने अभ्यास केला. थोडा लाजेखातर, थोडा भीतीपोटी.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेची इवलीशी लाट उठते. हे वाचून मला जुना मित्र भेटल्यासारखे झाले. टेलिफोनच्या कानाला लावायच्या भागातही हेच त्रिकूट असे: चुंबक, वेटोळे आणि पोलादी पडदा. तिथे विजेचा आवाज होतो, इथे आवाजाची वीज होते, एवढाच फरक.

पण ही लाट फार नाजूक. गिटारच्या ॲम्प्लिफायरचे तोंड तिच्याकडून जवळजवळ काहीच मागत नाही. त्याचा रोध साधारण दहा लाख ओहम ठेवलेला असतो. सभेतल्या मायक्रोफोनसाठी केलेल्या तोंडाचा रोध बहुधा दोनचार हजार ओहमच. वाटीभर दूध घेऊन आलेल्या पाहुण्यापुढे घागर धरली, तर बिचाऱ्याने काय करावे? आवाजातला गोडवा दारातच संपतो. शिवाय माणसाचे बोलणे लांबवर फेकण्यासाठी घडवलेला कर्णा खर्जाला फारसा ओळखतच नाही. गिटारसाठी केलेला स्पीकर निराळा असतो. सेकंदाला पाच हजार कंपनांच्या पलीकडचे तो फारसे बोलत नाही, आणि तारेचा कर्कशपणा नेमका त्या पलीकडच्या मुलखात राहतो. तेव्हा गिटार बिघडलेली नव्हती. तिला चुकीचे पोट लावले होते, आणि ते लावणारा मी होतो.

पोट म्हटले की मला मिरजेचे तंबोरे आठवतात. तिथला कारागीर भोपळा निवडताना मोठ्यात मोठा दिसेल तो उचलत नाही. पुरुषाच्या आवाजाला एका मापाचा, बायकांच्या आवाजाला दुसऱ्या मापाचा. साध्या गिटारला तिची लाकडी पेटी असते, सतारीला भोपळा असतो. इलेक्ट्रिक गिटारचे पोट तेवढे तिच्यापासून काढून निराळे ठेवलेले, आणि ते दुकानात जाऊन निवडायचे. म्हणजे ॲम्प्लिफायर घेणे याचा अर्थ आवाज मोठा करणारे यंत्र घेणे असा नाही. अर्धे वाद्यच घ्यायचे राहिलेले असते.

मग शंभर वॅट हा आकडा आला कुठून? त्याचाही एक मजेदार इतिहास आहे. इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली कॅलिफोर्नियात बाजारात आली, तीच मुळी नाचाच्या बँडमधल्या पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येईना म्हणून. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाई पद्धतीची होती. आपल्याकडे व्हॅन शिपलींनी विजेच्या गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. माझ्या पिढीच्या कानांवर ही गिटार पडली ती अशीच. पुढे १९७१ साली 'दम मारो दम' आले आणि त्यातल्या भूपिंदर सिंगांच्या गिटारने आमच्या चाळीतली पोरे खुळी झाली. विलायतेत तोवर आवाजाची शर्यतच लागली होती. लंडनच्या जिम मार्शल या ढोलविक्याने १९६२ साली गिटारचे ॲम्प्लिफायर बांधायला घेतले. १९६५ च्या सुमारास 'द हू' या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडला तेही पुरेनात. त्याच्या हट्टासाठी शंभर वॅटचे डोंगर उभे राहिले. पण त्या काळी सभागृहातली ध्वनियंत्रणा दुबळी असे. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत तिच्या ॲम्प्लिफायरलाच न्यावा लागे. आज ते काम मोठे स्पीकर करतात. कारण गेले, हट्ट तेवढा राहिला, आणि तो लंडनहून कळसाडीला येऊन पोचला.

आकड्याची आणखी एक गंमत आहे, आणि ती शाळेत शिकवायला हवी. दहा वॅटच्या जागी शंभर वॅट घेतले तर आवाज दहापट होत नाही. आपल्या कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. पन्नासाचे शंभर केले तर "थोडा वाढला खरा" इतकेच वाटते. कान हा निसर्गाने दिलेला मोठा कंजूष हिशेबनीस आहे. दहा रुपये दिल्यावर तो दोनाची पावती फाडतो.

एवढी तयारी करून मी धोबी तलावाच्या बाजूच्या एका वाद्यांच्या दुकानात शिरलो. काचेपलीकडे पंचविशीचा एक मुलगा होता. मी म्हणालो, "गिटारचा ॲम्प्लिफायर दाखवा. शंभर वॅट मागितलाय, पण मला शंका आहे."

त्याने एकही पेटी न दाखवता विचारले, "काका, वाजवणार कुठं?"

"कळसाडीला."

"ते कुठं आलं?"

मी सांगितले. नंदुरबार, तापीचे खोरे, उत्तरेला सातपुडा. तो म्हणाला, "तसं नाही. घरात, की मांडवात? बरोबर कोण असतं? आणि पेटी उचलून कोण नेतं?"

या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मला नीट देता येईना. मुलगा हुशार होता. त्याने तिथल्या तिथे पोराला फोन लावायला सांगितले आणि दोघे दहा मिनिटे बोलले. त्यातून कळले ते असे: बँडमध्ये ढोल, कॅसिओ आणि बँजो आहे. लग्नात सगळ्यांचा आवाज एकत्र करून टेंपोवर रचलेल्या मोठ्या स्पीकरांतून सोडतात. आणि पेटी मोटारसायकलवर मागे बसून मांडीवर न्यायची आहे.

"मग शंभर वॅट कशाला?" दुकानातला मुलगा मला म्हणाला. "लांब पोचवायला टेंपो आहे. याला पाहिजे स्वतःला ऐकू येईल एवढा आवाज, आणि टेंपोला द्यायला चांगला सूर."

त्याने मला तीन पेट्या ऐकवल्या. पहिली व्हॉल्व्हची होती. मागच्या जाळीतून काचेचे दिवे लालसर पेटताना पाहिले आणि मला आमच्या घरचा जुना रेडिओ आठवला. तोही असाच अर्धा मिनिट तापल्यावर बोलायला लागायचा. ट्रान्झिस्टर १९४७ साली निघाला आणि व्हॉल्व्ह घराघरांतून हद्दपार झाले, पण गिटारवाल्यांनी त्यांना सोडले नाही. कारण सोपे आहे. झेपेल त्याहून जास्त आवाज मागितला की साधा ट्रान्झिस्टर लाटेचे टोक कात्रीने कापल्यासारखे कापतो. व्हॉल्व्ह तेच टोक चेपून गोल करतो. तो चेपलेला, किंचित घोगरा आवाजच गिटारवाल्यांना हवा असतो. १९६४ साली 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने तसा आवाज मिळेना म्हणून आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा कागदी पडदाच ब्लेडने चिरला. त्या चिरलेल्या पेटीवर वाजवलेले गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. पेटी लहानशीच होती, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

मन व्हॉल्व्हवर गेले होते. पण मी खात्यात असताना पुष्कळ रस्ते पाहिले आहेत. काचेचे दिवे, मोटारसायकल आणि खेड्यातला रस्ता ही तिन्ही एका वाक्यात बसत नाहीत. दिवा गेला तर नवा मुंबईहून मागवायचा. ऐन लग्नसराईत पोराने काय करावे? त्यातून पंप सुरू झाले की तिथले व्होल्टेज किती खाली येते ते मला माहीत होते. व्हॉल्व्हला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसरी पेटी शंभर वॅटची. मुलाने एकच सूर वाजवला, आणि दुकानाच्या काचा बोलल्या. त्याने आवाजाचे बटण शून्याच्या इतके जवळ ठेवले होते की केसभर हलवले तरी भडका उडावा. घरात सराव करायचा तर हिला जन्मभर असे गळा दाबूनच ठेवावे लागले असते.

तिसरी वीस वॅटची, आठ इंची स्पीकरची, ट्रान्झिस्टरवर चालणारी. तिला दोन निराळी बटणे होती. एकाने आवाजाचा स्वभाव ठरतो, स्वच्छ की घोगरा. दुसऱ्याने त्याचा आकार. म्हणजे घोगरा आवाज हळू वाजवता येतो. मागे दोन भोके: एकात हेडफोन खोचला की पेटी मुकी होते आणि फक्त वाजवणाऱ्याला ऐकू येते, दुसऱ्यातून तयार झालेला सूर टेंपोवरच्या यंत्रणेला देता येतो. वजन इतके की मी, या वयात, एका हाताने उचलून पाहिली.

मी तीच घेतली. ताईच्या पैशांतले निम्म्याहून थोडे अधिक गेले. उरलेल्या पैशांचे काय करायचे, ते मी मे महिन्याच्या त्या रात्रीच ठरवून ठेवले होते.

मुंबईहून सुरतमार्गे रेल्वेने नंदुरबार आणि पुढे एस.टी. धनत्रयोदशीला संध्याकाळी मी कळसाडीला पोचलो. पोर फाट्यावर घ्यायला आले होते. माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहून त्याने विचारले, "आणि ॲम्प्लिफायर?"

"हाच."

"एवढासा?"

त्या एका शब्दाने माझा सगळा अभ्यास धुळीला मिळाला. तो काही बोलला नाही. संस्कारी पोर आहे. घरी पोचेपर्यंत मोटारसायकलवर आमच्या दोघांत एक अवघड शांतता बसली होती. ताईने खोके पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. भाचा एवढेच म्हणाला, "चला, लहान तर लहान. सुरतेच्या खोलीत मावेल." त्यातली मेख सगळ्यांना कळली.

दुसऱ्या दिवशी पेटी लावायची सगळ्यांना घाई. मी मात्र हट्टाला पेटलो. "आधी अर्थिंग. त्याशिवाय प्लग लावायचा नाही." गिटारच्या तारा वायरमधून थेट ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि तिला जमिनीत जायला तिसरी तार नसली, तर ती वाजवणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी याला मायक्रोफोनला हात लागताच रंगमंचावरच असा धक्का बसला, आणि तो गेला. वय अवघे सत्तावीस. ही हकीकत मी भाच्याला सांगितली, तेव्हा तो प्रथमच गंभीर झाला. न बोलता त्याने कुदळ घेतली.

ऐन दिवाळीच्या दिवसांत आम्ही मागच्या अंगणात खड्डा खणला. नळी उभी पुरली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी ओतले, आणि गावच्या वायरमनकडून तिथून घरातल्या बोर्डापर्यंत जाड तार आणवली. घरात गळतीरक्षक खटका बसवला. तीस मिलिअँपिअर वीज वाट चुकली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. तसाच खटका असलेला एक सुटा बोर्ड करून मी पोराला दिला आणि म्हटले, "हा गिटारच्या पिशवीतच राहील. मांडवात जनरेटर असो की आणखी काही, याच्याशिवाय वायर लावायची नाही. आजीची शपथ आहे." ताईचे उरलेले पैसे असे जमिनीत आणि भिंतीत गेले. मला वाटते, पंधरा हजारांतले ते सर्वांत चांगले गुंतलेले पैसे.

मग पेटी लावली. मागच्या पत्र्याच्या खोलीत पोराने सुरुवात केली, दोन्ही बटणे शेवटपर्यंत फिरवून. जे झाले त्याला गोंगाट म्हणणे हा गोंगाटाचा अपमान होईल. पत्रा थरथरला, पेटी शिट्ट्या मारू लागली, सूर एकमेकांत चिखलासारखे मिसळले. तो घाबरून माझ्याकडे पाहू लागला. "लहान" पेटीने त्याची हौस पुरती भागवली होती.

मी म्हणालो, "पुढच्या धाब्याच्या खोलीत चल."

धाब्याचे घर आता खानदेशातही कमी होत चालले आहे. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे, वर मातीचे छप्पर. ही माती उन्हाळ्यात ऊन पिते, तसा आवाजाचा कर्कशपणाही पिऊन टाकते. पेटी जमिनीवर न ठेवता बाजेवर, जरा मागे कलती ठेवली. जमिनीवरची पेटी वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू येते. त्याच्या कानांना कमी पडते म्हणून तो आवाज वाढवतो, आणि समोरच्यांचे कान फुटतात. पेटीचे तोंड कानाकडे केले की निम्म्या आवाजात भागते. मग घोगरेपणाचे बटण त्याने उतरवत उतरवत निम्म्याखाली आणले. एका जागी तो थांबला. तारेवर बोट ठेवले, सोडले. सूर उठला आणि मातीच्या भिंतींत हळूहळू विरत गेला.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "हा माझा आहे." गिटारबद्दल बोलला की आवाजाबद्दल, ते मी विचारले नाही.

भाऊबीजेच्या दुपारी बँडची पोरे खळ्यावर जमली. पेटी दोन विटांवर कलती ठेवली, मागच्या भोकातून वायर टेंपोच्या यंत्रणेला दिली. गिटार ढोलावर कुरघोडी करायला गेली नाही, ढोलाच्या ठोक्यांमधल्या मोकळ्या जागांत जाऊन बसली. समोर चार लहान पोरे आपोआप नाचू लागली. बँडवाल्यांत जो थोरला होता, त्याने पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. "तुळशीच्या लग्नानंतर ये," एवढेच तो म्हणाला. वॅट कोणी विचारले नाहीत.

माझा परतीचा दिवस ठरला होता. आदल्या रात्री झोप लागेना म्हणून मी ओट्यावर येऊन बसलो. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. भाचा पाणी द्यायला मळ्यात गेला होता. दहा वाजून गेल्यावर कर्णे वाजवायचे नाहीत हा कायदा आहे, आणि पोराचा आवाज तर ओट्याच्या पायरीखालीही जात नव्हता. पेटी उशाशी घेऊन तो आपल्याशीच वाजवीत होता.

फाटक वाजले. भाचा आला, पाय चिखलाने माखलेले, हातात बॅटरी. त्याला पाहताच पोराने हात आखडला आणि घाईघाईने हेडफोनची वायर शोधू लागला. भाच्याने कोपऱ्यातल्या रांजणातले पाणी घेतले, पाय धुतले, आणि माझ्याजवळ पायरीवर बसून भिंतीला टेकला. बराच वेळ तो काही बोलला नाही.

मग अंधारातच म्हणाला, "थांबलास का? वाजव. हळूच वाजव, असंच."

त्या लग्नसराईत पोर बँडबरोबर हिंडले. हिशेबाची वही आजीपाशी असते. सुरतेला जायचे नाही असे भाच्याने अजून म्हटलेले नाही. पण या दसऱ्याला मी फोन केला, तेव्हा त्याने सुरतेचे नाव काढले नाही. पावसात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती खचली होती, ती मी भरून काढली, मामा, असे मात्र आवर्जून सांगितले.